डाव्या हाताची तक्रार

दिवाळीच्या सुमारास खानदेशात हात दुखण्यास कारणांचा तोटा नसतो. कापसाची वेचणी ऐन भरात असते, रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीचे घड खांद्यावरून गाडीपर्यंत वाहिले जात असतात, घरोघरी माळ्यावरची भांडी उतरवून घासली जात असतात; आणि या साऱ्या श्रमांचा हिशेब अखेरीस खांदा, कोपर व मनगट यांच्याच नावे पडतो. अशा दिवसांत डावा हात ठणकू लागला, म्हणजे येथील मनुष्य दोहोंपैकी एका टोकास जातो. एक तर ‘कामाने भरून आला’ असे म्हणून तेल चोळून घेतो, नाही तर ऐकीव माहितीने बावरून हृदयविकाराच्या धास्तीने रात्र जागून काढतो. पहिला क्वचित प्राणास मुकतो, दुसरा हमखास झोपेस. आणि दोघांचीही चूक एकच असते, ती ही की दुखण्याचे ठिकाण त्यांनी पाहिले, पण त्याची चाल पाहिली नाही.

ही चाल प्रथम नीट टिपली ती लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डन यांनी. १७६८ साली तेथील वैद्यांच्या महाविद्यालयापुढे वाचलेल्या निबंधात त्यांनी चालताना, विशेषतः चढ चढताना आणि जेवणानंतर, छाती आवळून धरणारी, कधी डाव्या हातात उतरणारी आणि उभे राहताच नाहीशी होणारी व्यथा वर्णिली आहे. हृदयाच्या विद्युत्-आलेखाचे यंत्र तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते. रोग्याची हकिकत लक्षपूर्वक ऐकणे एवढेच त्यांचे साधन होते, आणि आजही निदानाचा मोठा हिस्सा त्याच साधनावर उभा आहे, हे यंत्रांच्या गर्दीत आपण विसरतो.

हृदयाचे दुखणे हातात का जाणवावे, याचे उत्तर मज्जारज्जूत आहे. हृदयाकडून वेदना वाहून आणणारे तंतू मज्जारज्जूच्या छातीकडील वरच्या चार-पाच खंडांत शिरतात, आणि दंडाच्या व हाताच्या आतल्या कडेची संवेदना यांतील वरच्याच खंडांच्या अखत्यारीत येते. दोन गावांच्या फिर्यादी एकाच कचेरीत दाखल व्हाव्यात आणि कारकुनाने ज्या गावचे अर्ज रोज येतात त्याच गावाच्या नावे नवी फिर्यादही नोंदवून टाकावी, तशी मेंदूची गत होते: हाताची तक्रार त्याच्या दप्तरी नित्याची, हृदयाची विरळा, म्हणून दोष हाताच्या माथी बसतो. मात्र एवढ्यावरून डावा हात म्हणजेच हृदय असे समीकरण बांधू नये. कळ उजव्या हाताकडे किंवा दोन्ही हातांकडे पसरली, तर संशय कमी न होता वाढतो.

धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याची चढण चढताना किंवा जळगावच्या मेहरूण तलावाकाठी झपाझप चालताना ज्याची छाती जड होते आणि पाच मिनिटे थांबताच हलकी होते, त्याने हात दुखो वा न दुखो, त्याच आठवड्यात हृदयाची तपासणी करून घ्यावी. असे दुखणे बोटाने दाबून दाखविता येत नाही, हात फिरविल्याने वाढत नाही. रोगी ते दाखविताना बहुधा छातीवर मूठ किंवा पंजा ठेवतो. याउलट टाचणी टोचल्यासारखी क्षणभर येऊन जाणारी चमक सहसा हृदयाची नसते. तीच जड कळ विसाव्यातही येऊ लागली, दहा-पंधरा मिनिटे टिकली, तिच्याबरोबर गार घाम, धाप, मळमळ, घेरी किंवा जबड्याकडे व पाठीकडे जाणारी ओढ असली, तर आठवड्याची मुदत राहत नाही. त्याच क्षणी निघावे लागते.

येथे आमच्या प्रांतीचा एक जुना वैरी आडवा येतो, तो म्हणजे ‘गॅस’. भरिताच्या पार्टीनंतर किंवा तिखटजाळ शेवभाजीनंतर छातीत दाटले, की ओवा, सोडा आणि शेजाऱ्याने दिलेली आम्लपित्ताची गोळी या तीन उपायांत दोन-तीन तास सहज खर्ची पडतात, आणि हृदयाचा जो स्नायू वाचविता आला असता तो त्याच तासांत मरतो. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात तर छाती मुळीच न दुखता नुसती धाप, नुसता थकवा किंवा नुसता पोटाच्या वरच्या भागातील अस्वस्थपणा एवढेच लक्षण असू शकते. सणाच्या स्वयंपाकात गुंतलेल्या गृहिणीच्या थकव्याकडे घरात कोणाचे लक्ष जावे, हा प्रश्न वैद्यकाहून मोठा आहे. वयाची ढालही भरवशाची नाही: गडचिरोलीचे डॉ. अभय बंग यांना पंचेचाळिशीच्या आसपास हृदयविकाराने गाठले, आणि स्वतः वैद्य असलेल्या त्यांनी त्यावर ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक लिहिले, ते मराठी वाचकांना परिचित आहेच.

आता उरलेली, म्हणजे संख्येने कितीतरी अधिक, अशी निरुपद्रवी कारणे. मानेतील मणक्यांच्या मधली चकती सरकून किंवा हाड वाढून मज्जातंतूची मुळी दाबली गेली, तर कळ मानेपासून विजेसारखी हातात उतरते. मुंग्या अंगठ्यात आहेत, मधल्या बोटात की करंगळीत, यावरून कोणती मुळी दाबली गेली ते वैद्य ओळखतो, आणि मान वळविताच कळ वाढते, हात डोक्यावर ठेवताच पुष्कळांना आराम पडतो. बहुतेकांचे हे दुखणे काही आठवड्यांत निवते. परंतु हातातली वस्तू गळून पडू लागली, चालताना पाय अडखळू लागले किंवा लघवीवरचा ताबा सुटू लागला, तर मज्जारज्जूच दाबला जात असल्याची शंका धरावी आणि ‘नस बसवून’ देणाऱ्याकडे मान मोडून घ्यावयास मुळीच जाऊ नये. खांदा आखडणे हे दुसरे कारण, चाळिशी ते साठीतले आणि मधुमेहींच्या विशेष वाट्याचे: केस विंचरता येत नाहीत, हात पाठीमागे जात नाही, त्या कुशीवर झोपवत नाही. ते महिनोन् महिने टिकते. नियमित व्यायाम आणि साखरेवर ताबा हाच त्याचा राजमार्ग. रात्री पंजाला मुंग्या येऊन जाग येते व हात झटकला की बरे वाटते, तेव्हा मनगटातला मज्जातंतू दाबलेला असतो.

नागीण हा आणखी एक फसवा प्रकार. पुरळ उठण्याआधी दोन-तीन दिवस एकाच बाजूला आग होते आणि हृदयाची शंका येते. नागिणीची दोन तोंडे मिळाली की माणूस दगावतो, ही समजूत निराधार आहे. खरी निकड वेगळी, ती ही की विषाणूविरोधी औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाले तर त्याचा गुण अधिक. काही कारणे मात्र निरुपद्रवी नसतात. विडी ओढणाऱ्याचा खांदा व हाताची आतली कड महिनोन् महिने ठणकत असेल, तर फुप्फुसाच्या शेंड्यावरची गाठ तपासावी. हात एकाएकी गार, पांढराफटक व नाडीविना झाला तर रोहिणीत गुठळी अडकलेली असते. तेथे काही तासांचाच अवकाश असतो. हात अचानक सुजून निळसर झाला, किंवा पडल्यावर हलेनासा झाला, तरी दिरंगाई नको.

हृदयाचा संशय आल्यास करावयाचे ते थोडके आहे. रोग्याला बसवावे, चालवू नये, मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नये, आणि १०८ क्रमांकावर वर्दी द्यावी. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून विनामूल्य धावते. ॲस्पिरिनचे वावडे किंवा रक्तस्रावाचा विकार नसेल, तर सुमारे ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खाण्याचा सल्ला डॉक्टर देतात. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या, सतरा हजारांहून अधिक रोग्यांवरच्या परीक्षणात या साध्या गोळीने पहिल्या पाच आठवड्यांतले मृत्यू २३ टक्क्यांनी घटले होते. जिभेखालची सॉर्बिट्रेट मात्र दुसऱ्याच्या खिशातून काढून देऊ नये. रक्तदाब आधीच उतरला असेल तर ती घात करते. हृदयाच्या रोहिणीतील गुठळी विरघळविणारे इंजेक्शन कळ सुरू झाल्यापासून बारा तासांपर्यंत देता येते, पण त्याचे खरे मोल पहिल्या दोन-तीन तासांत. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावाहून धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा जळगावचे २०१८ साली सुरू झालेले शासकीय महाविद्यालय गाठेपर्यंत हा अवधी संपू शकतो. म्हणून वाटेतल्या ग्रामीण रुग्णालयातच हृदयाचा आलेख काढून घेणे शहाणपणाचे. पहिला आलेख निर्दोष निघाला म्हणून घरी परतू नये. काही वेळाने तो पुन्हा काढावा लागतो आणि हृदयाच्या स्नायूची इजा दाखविणारी ट्रोपोनिनची रक्ततपासणीही काही तासांच्या अंतराने करावी लागते.

वाचकांस एकच विनंती: घरात कोणाचा जुना आलेख असेल, तर तो रेशनकार्डाजवळ सापडेल असा ठेवा आणि निघताना बरोबर घ्या. नव्या आलेखातील फेरफार जुना की आजचा, हे डॉक्टरला त्यावरूनच ठरविता येते.