तुम्ही पाह्यला तो तुकाराम अर्धाच

मागच्या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना बसमध्ये आवाज नीट आला नाही, त्यांनी इथे वाचा. आणि हो, आज सुरुवात माफीने आहे.

काही महिन्यांपूर्वी मी ‘संत तुकाराम’वर बोललो होतो. 1936 चा, प्रभात फिल्म कंपनीचा, दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला. त्यात मी अगदी ठसक्यात म्हणालो होतो की सिनेमा मोठा आहे, विष्णुपंत पागनीस मोठे आहेत, पण कॅमेरा कच्चा आहे. माणसांची डोकी कापली जातात, पाय दिसत नाहीत, सगळे दाटीवाटीने उभे. त्या काळात जमत नसेल, असंही वर बोललो.

दोन दिवसांनी मेहकरच्या एका निवृत्त सरांचा व्हॉइस मेसेज आला. वय पंच्याहत्तरच्या पुढे, आवाज खणखणीत. “सर, तुमचं बोलणं आवडते मले. पण तुम्ही पाह्यला तो तुकाराम अर्धाच हाय जी. कायले दामल्यांले नावं ठेवता? पडदा मोजून पहा आधी.”

पडदा मोजून पहा. मी खरंच मोजला, आणि गप्प बसलो.

गोष्ट अशी आहे. जुन्या सिनेमाची चौकट जवळजवळ चौकोनी असते. ढोबळमानाने चारास तीन, म्हणजे रुंदी चार भाग, उंची तीन भाग. आजचा टीव्ही आणि बहुतेक व्हिडिओ सोळास नऊ. आता चारास तीनला चारने गुणा, सोळास बारा होतं. म्हणजे रुंदी तीच ठेवून जुनं चित्र नव्या चौकटीत ‘फुल स्क्रीन’ बसवायचं तर बारातले तीन भाग उंचीतून छाटावे लागतात. सरळ पाव सिनेमा गेला. वरून डोकी, खालून पाय. मी जो व्हिडिओ पाहिला तो कुणीतरी असाच छाटून चढवलेला होता. कुणी, ते सांगत नाही. असे शंभर सापडतील.

पण थांबा, गोष्ट इथे संपत नाही. आपले फोन सोळास नऊ नाहीत, आणखी लांबट आहेत. वीसास नऊच्या आसपास. बाजूच्या काळ्या पट्ट्या नको म्हणून आपण दोन बोटांनी चित्र ताणतो. ताणलं की पुन्हा एक पंचमांश वरखाली कापलं जातं. आधीच पाव गेलेला, त्यात हे. हिशोब केला तर शंभरातले साठच उरतात. मी साठ टक्के सिनेमा पाहून शंभर टक्के समीक्षा केली होती.

मग पूर्ण चौकटीची प्रत शोधली आणि काळ्या पट्ट्यांसकट पाहिली. गौरी यांची जिजाई पहा एकदा. पोराच्या दुखण्याने वैतागलेली ती बाई हातात वहाण घेऊन थेट विठोबाला जाब विचारायला निघते. छाटलेल्या प्रतीत मला फक्त चिडलेला चेहरा दिसला होता आणि मी ‘भडक अभिनय’ म्हणालो होतो. पूर्ण चौकटीत तिचं अख्खं शरीर बोलतं. चाल, कमरेचा झोक, वहाण धरलेला हात. ती भडक नाही, ती दमलेली आहे. शेवटही तसाच. तुकाराम विमानातून वर निघालेले आणि जिजाई खाली राहिलेली. तिला पोरांच्या पोटाचं पाहायचंय, ती जात नाही. हा सगळा प्रसंगच वर आणि खाली यांचा आहे, आणि तुम्ही नेमकं वरचं आणि खालचंच कापलं तर उरलं काय?

हा सिनेमा 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. तिथल्या लोकांना मराठी येत नव्हतं. त्यांनी जे पाहिलं ते चौकटीतूनच पाहिलं असणार ना.

आता दुसरी फसवणूक, कानाची. ही मला जास्त आवडते कारण ती पकडायला मजा येते. सिनेमा सेकंदाला 24 चित्रं या वेगाने चालतो. आपल्याकडची जुनी टीव्हीची पद्धत, पाल, सेकंदाला 25 ची. मग व्हिडिओ करताना सोपा उपाय म्हणजे सिनेमा थोडा वेगात पळवायचा. चार टक्के. डोळ्यांना कळत नाही. पण 131 मिनिटांचा ‘संत तुकाराम’ 126 मिनिटांत उरकतो, आणि आवाज चढतो. पेटी वाजवणाऱ्यांना सांगतो, काळी एकचं गाणं जवळजवळ पांढरी दोनला जातं. ‘मराठा तितुका मेळवावा’सारखा सिनेमा घ्या, 1964 चा, भालजी पेंढारकरांचा. त्याचं संगीत लता मंगेशकरांनी ‘आनंदघन’ या नावाने दिलं. तिथे पट्टी बदलली तर गाणं बदललं. सिंदखेड राजाच्या पोरांनी तर तो सिनेमा नीट प्रतीतच पाहावा, त्यात जिजाऊ सुलोचनाबाईंनी केलीय.

म्हणून मी आता एक साधी कसोटी लावतो. लांबी मूळपेक्षा चार टक्क्यांनी कमी असेल तर बहुधा फक्त वेग वाढलाय. त्याहून बरीच कमी असेल तर कात्री चाललीय. मूळ लांबी कशी कळणार? व्हिडिओच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र येतं ना, जे आपण पुढे ढकलतो, ते थांबवून वाचा. त्यावर सिनेमाची लांबी मीटरमध्ये असते, आधीच्या काळात फुटांत. 35 मिलिमीटरची फिल्म मिनिटाला 90 फूट पळते, म्हणजे साधारण 27.4 मीटर. भागाकार करा. 3,288 मीटर असेल तर 120 मिनिटं. व्हिडिओ 98 मिनिटांचा असेल तर बावीस मिनिटं कुठे गेली ते विचारा. बहुतेकदा गाणी गेलेली असतात.

याचं एक कारण व्हीसीडी. तुमच्यातल्या काहींनी ती पाहिलीही नसेल. एका चकतीत जेमतेम सव्वा तास मावायचा, म्हणून ऐन रंगात आलेला सिनेमा थांबवून दुसरी चकती घालायची. तिसरी चकती म्हणजे जादा खर्च, मग दोनमध्ये बसेल एवढाच सिनेमा. चित्राचे ठिपके 352 गुणिले 288. आजच्या फोनवर ते ताणलं की चेहरे पिठलं झाल्यासारखे दिसतात. तरी मी व्हीसीडीला शिव्या देणार नाही. 2007 च्या सुमारास मोझर बेअरने 28 रुपयांत व्हीसीडी आणि 34 रुपयांत डीव्हीडी आणली, तेव्हा माझ्यासारख्या पोराने पहिल्यांदा जुने मराठी सिनेमे विकत घेऊन घरी नेले. आज फुकट मिळणाऱ्या कित्येक व्हिडिओंचं मूळ त्याच काळातल्या चकत्यांमध्ये आहे. फक्त ते कुणी सांगत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. प्रत्येक ओरखडा व्हिडिओवाल्याचा नसतो. जुनी फिल्म नायट्रेटची, भडकन पेटणारी. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या सिनेमांचं मूळ साहित्य त्यात गेलं. आपण पाहतो त्या नंतर काढलेल्या प्रती. फाळक्यांच्या 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची चारांपैकी दोनच रिळं उरली, आणि त्यांतही कोणत्या आवृत्तीची यावर वाद आहे. ‘आलम आरा’ तर नाहीच. तेव्हा फिल्मवरचे पाऊस पडल्यासारखे ओरखडे सहन करा. ते वयाचे आहेत. छाटणी मात्र कालपरवाची आहे, ती सहन करायचं कारण नाही.

नव्या सिनेमांचं बरं चाललंय असंही समजू नका. चैतन्य ताम्हाणेचा ‘द डिसायपल’ 2021 मध्ये नेटफ्लिक्सवर आला. प्रत उत्तम, तक्रार शून्य. त्यात लांबून धरलेली, स्थिर, मोठी दृश्यं आहेत. गायक लहान दिसतो, खोली मोठी. एका मित्राने तो फोनवर, ताणून, दीडपट वेगात पाहिला. शास्त्रीय संगीतावरचा सिनेमा, दीडपट वेगात! आणि मला म्हणतो, “काही घडतच नाही रे भाऊ.” विलंबित ख्याल दीडपटीत ऐकल्यावर घडणार काय?

नीट दुरुस्त केलेल्या प्रती होत नाहीत असं नाही. 1953 च्या ‘श्यामची आई’ची प्रत नीट करून ती 2023 मध्ये गोव्याच्या इफ्फीत दाखवली गेली. पण गोवा लांब आहे. चिखलीत, लोणारमध्ये, जळगाव जामोदमध्ये राहणाऱ्या पोराचं थिएटर म्हणजे हातातला फोन, आणि त्यावर शोधल्यावर वर येतो तो बहुतेकदा जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ, चांगली प्रत नव्हे. म्हणून खाली स्क्रोल करा. दोन-तीन प्रतींची पहिली मिनिटं शेजारी ठेवून पहा. नावांच्या पाट्यांवरची अक्षरं वरखाली कापलेली दिसली की ती प्रत सोडा. माणसं बुटकी आणि रुंद दिसली तर चित्र आडवं ताणलंय, तीही सोडा.

मी तो जुना भाग काढलेला नाही. तो तसाच आहे, फक्त सुरुवातीला अर्ध्या मिनिटाची दुरुस्ती जोडलीय. सरांना दुरुस्ती पाठवली तर उत्तर आलं, “ठीक हाय. आता ‘कुंकू’ पहा. पट्ट्या ठेवून.” पुढच्या भागात ‘कुंकू’.