पित्याने आणलेले खेळणे

मूल रबर, बांबूच्या काड्या व कागद घेऊन बसले की ‘अभ्यास सोडून हे काय मांडलेस?’ असे आपण सहज बोलून जातो. पालकहो, १८७८ सालची एक हकीकत ऐका.

अमेरिकेतील प्रॉटेस्टंट पंथाचे बिशप मिल्टन राइट यांनी प्रवासाहून परतताना विल्बर व ऑर्व्हिल या आपल्या मुलांसाठी एक उडते खेळणे आणले. पिळलेला रबर उलगडू लागला की त्याचे पंखे गरगर फिरत आणि ते छताला जाऊन भिडे. ही युक्ती फ्रान्सच्या आल्फोन्स पेनो यांची. कमरेच्या व्याधीने पीडलेल्या या तरुणाने १८७१ साली पॅरिसच्या उद्यानात रबराच्या पिळावर चिमुकले विमान सुमारे ४० मीटर उडविले होते.

राइट बंधूंचे खेळणे लवकरच मोडले. तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातांनी तसेच नवे घडविले. आकार वाढविला तेव्हा मात्र ते उडेना. दुप्पट आकारास कितीतरी पट अधिक शक्ती लागते, हे त्यांना पुढे उमगले. १७ डिसेंबर १९०३ रोजी तेच बंधू यंत्रविमानातून आकाशात झेपावले.

परमेश्वराने प्रत्येक बालकाला काही देणगी दिली आहे. येत्या रविवारी मिस्सानंतर घटकाभर मुलाजवळ बसा आणि रबराला पीळ घालण्यास त्याला हातभार लावा.