आधी मोजा, मग मारा!

२०१७ चा पावसाळा सरत आला होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या मामांचा निरोप आला, ‘‘दवाखान्यात आहे, घाबरू नका.’’ सकाळपासून कपाशीवर फवारणी चालली होती. कपाशी डोक्याइतकी उंच आणि नाकातोंडाला नुसता रुमाल. दुपारी डोळ्यांपुढे अंधारी आली. मामा सुखरूप घरी आले. त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने दगावले.

खाटेशेजारी बसून मी विचारले, ‘‘मामा, अळी किती होती?’’

‘‘मोजते कोन बाप्पा? शेजाऱ्यानं मारलं, मंग मी बी मारलं.’’

एकात्मिक कीड व्यवस्थापन हे नाव भारदस्त, पण त्याचा क्रम साधा : आधी पाहणी, मग अटकाव आणि औषध सर्वांत शेवटी. आपण नेमका हा क्रम उलटा केला. २००२ मध्ये बीटी कपाशी आली, २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. बोंडअळी संपली असे वाटले. पण गुलाबी बोंडअळी दोन्हींना पुरून उरली. ही अळी बोंडात शिरली की तिच्यामागे छिद्र बुजते. मग वरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. पोचते ते फवारणाऱ्यापर्यंत!

मामांनी मग क्रम सुलट केला. पहिले दोन-अडीच महिने जहाल औषध बंद, म्हणजे मावा-तुडतुडे खाणारे ढालकिडे आणि कोळी जगतात. गरज पडली तर निंबोळी अर्क. डोमकळ्या दिसताच तोडून नष्ट करायच्या. एकरी दोन कामगंध सापळे लावायचे. एका सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले, तरच औषधाचा विचार.

पण पतंगाला धुऱ्याची ओळख नसते. मामांनी डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटली आणि शेजाऱ्याने पाणी देऊन फरदड ठेवली, तर अळीचा मुक्काम तिथेच. म्हणून हे काम एकट्याचे नाही, गावाचे आहे.

आणि आपण शहरवासी तरी काय वेगळे करतो? झुरळ दिसले की फवारा! रात्री ओटा कोरडा ठेवणे, मोरीला जाळी बसवणे मात्र राहून जाते. आपण आपली भांडी आठवड्यातून एक दिवस कोरडी करतो, पण जिन्याखालच्या सामायिक पिंपाकडे कोण पाहणार? डासही दारावरची पाटी वाचत नाहीत.

गेल्या हंगामात मामांकडे गेलो. पंप खुंटीला होता. मामा सापळ्यापाशी उभे राहून वहीत आकडा टिपत होते.

‘‘आज किती?’’ मी विचारले.

‘‘तीन,’’ मामा म्हणाले. ‘‘चाल, चहा घेऊ.’’