कुकी नव्हे, परकी कुकी

वेब सर्व्हर मुळात विसराळू. प्रत्येक क्लिक त्याला नव्या पाहुण्याची वाटते. म्हणून १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू मॉन्टुली यांनी कुकी आणली. संकेतस्थळ ब्राउझरकडे ओळखीची छोटी चिठ्ठी ठेवतं, ब्राउझर ती पुढच्या प्रत्येक वेळी दाखवतो. त्यामुळेच लॉग-इन टिकतं. ही सोय निर्दोष आहे. पाळत सुरू होते ती त्याच पानावरची जाहिरात कंपनी आपली चिठ्ठी ठेवते तेव्हा, कारण ती असंख्य संकेतस्थळांवर हजर असते आणि सगळीकडे तुम्हाला ओळखते. जाहिरातींवरच मोफत बातम्या चालतात, हा पाळत रोखण्यावरचा आक्षेप खरा. पण क्रिकेटच्या बातमीशेजारी बॅटची जाहिरात लावायला वाचकाचा माग काढावा लागत नाही. सफारी ब्राउझर तर २०२० पासून अशा परक्या कुकी आपणहून अडवतो.