जिल्ह्याची सरासरी आणि पाड्याचा हक्क

आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १६ डिसेंबर १९६६ रोजी स्वीकारला आणि १० एप्रिल १९७९ रोजी भारत त्यात सामील झाला. काम, अन्न, निवारा, आरोग्य, शिक्षण आणि सांस्कृतिक जीवनातील सहभाग हे त्यातील प्रमुख हक्क होत. उपलब्ध साधनांचा कमाल वापर करून ते टप्प्याटप्प्याने पूर्णत्वास न्यावेत, असे हा करार सांगतो. ही मुभा म्हणजे चालढकलीचा परवाना नव्हे. म्हणूनच प्रत्येक देशाने ठरावीक मुदतीने अहवाल द्यावा आणि अठरा स्वतंत्र तज्ज्ञांच्या समितीने तो तपासावा, अशी व्यवस्था आहे. सरकारी अहवालासोबत नागरी संघटनांचे समांतर अहवालही ही समिती विचारात घेते. भारताच्या एकत्रित अहवालाची तिने मे २००८ मध्ये तपासणी केली.

या पडताळणीत तीन प्रकारचे निर्देशक, म्हणजे मोजमापाच्या खुणा, वापरले जातात. कायदा आहे की नाही हे रचनेचा निर्देशक सांगतो, त्यासाठी प्रत्यक्ष काय केले गेले हे प्रक्रियेचा, आणि माणसाच्या जगण्यात काय बदलले हे परिणामाचा. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून कामाच्या हक्काला देशात प्रथमच कायद्याचे बळ दिले, ही रचना झाली. मागणी नोंदवल्यावर काम आणि मजुरी वेळेवर मिळते का, ही प्रक्रिया. आणि धुळे-नंदुरबारकडील आदिवासी कुटुंबांना ऊसतोडीसाठी दरवर्षी गुजरातेत जावे लागणे कमी झाले का, हा परिणाम होय. पहिल्या खुणेवर समाधान मानणारा अहवाल कायद्याची माहिती देतो, हक्काची देत नाही.

खानदेशात या मोजमापातला आणखी एक धोका स्पष्ट दिसतो. जळगाव जिल्ह्यातील रावेर आणि यावल हे तालुके केळीच्या बागायतीसाठी प्रसिद्ध आहेत, परंतु त्याच तालुक्यांच्या उत्तरेस, सातपुड्याच्या उतारावर, पावरा आणि तडवी समाजाची वस्ती आहे. धुळे जिल्ह्यात शिरपूरचा उत्तर भाग आणि साक्रीचा पश्चिम भाग यांची स्थितीही बागायती पट्ट्याहून वेगळी आहे. जिल्ह्याची, किंबहुना तालुक्याचीही, सरासरी काढली की बागायतदाराची सुबत्ता आणि पाड्यावरची उणीव एकाच आकड्यात मिसळून जाते. त्यामुळे समाजगट, लिंग आणि वस्तीनुसार वेगळी केलेली आकडेवारी हा पडताळणीचा पाया ठरतो.

आरोग्याचा हक्क मोजण्यासाठी समितीने २००० साली चार कसोट्या मांडल्या: सेवेची उपलब्धता, तिथवर पोहोच, लोकांना ती आपलीशी वाटणे आणि तिची गुणवत्ता. उपकेंद्राची इमारत उभी राहिली की पहिल्या कसोटीचा केवळ एक भाग पूर्ण होतो. पावसाळ्यात वाट बंद पडत असेल, किंवा पावरी वा भिलोरी बोलणाऱ्या बाईचे दुखणे समजून घेणारे तिथे कोणी नसेल, तर हक्क अपुराच राहतो.

अशा उणिवा नेमक्या कुठे आहेत हे तिथल्या रहिवाशांना सर्वांत आधी कळते, आणि या जाणिवेवर आधारलेला एक प्रयोग खानदेशातच झाला आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाअंतर्गत २००७ मध्ये महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत, १९९८ पर्यंत धुळ्याचाच भाग असलेला नंदुरबार होता. गावकऱ्यांनी सेवांची चांगली, मध्यम, वाईट अशी वर्गवारी करून गावाचे प्रगतिपत्रक तयार करायचे आणि जनसुनवाईत ते अधिकाऱ्यांपुढे मांडून उत्तर मागायचे, अशी ही पद्धत होती.

जिनिव्हातील समितीच्या शिफारशींना न्यायालयीन निवाड्याचे बळ नसते. त्यांचा प्रभाव देशांतर्गत दबावावर अवलंबून असतो, आणि तो दबाव गावपातळीवरील भक्कम नोंदींतून निर्माण होतो. म्हणून पाडानिहाय माहिती लोकांसमोर खुली करणे, जनसुनवाईतील प्रत्येक तक्रारीला मुदत आणि जबाबदार अधिकारी ठरवून देणे आणि त्यावरील कार्यवाही पुढच्या सुनावणीत वाचून दाखवणे, ही तीन कामे जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथे नियमाने झाली पाहिजेत. करारात सामील देश झालेला असला, तरी तो करार पाळला गेला की नाही याचा निर्णय करण्याचा पहिला अधिकार ज्याचा हक्क डावलला जातो त्या माणसाचा आहे.