ठेका आपला, सुपारी कुणाची?



या पानावर माझा लेख दिसला की आपण धरून चालता, भातावरचा खोडकिडा असेल, नाही तर गिरिपुष्पाचं हिरवळीचं खत. आज विषय निराळा आहे. आज गाण्यांबद्दल लिहायचं आहे. हसू नका, शेवटपर्यंत वाचा. बियाण्याचा विषय मधे आहेच.

त्याचं असं झालं. मे महिन्यात वांगणीकडच्या एका गावात बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ, त्यात भाताचं बी टाकायचं, वर तरंगलेलं पोचट काढायचं. सोपं काम. पण शेजारच्या घरी हळद. मी बादलीत मीठ टाकतोय तोवर डीजेवाल्याने आवाज तपासायला ‘झिंगाट’ लावलं. समोरची निम्मी मंडळी उठून गेली, उरलेली जागेवरच पाय हलवायला लागली. माझं मीठ पाण्यातच राहिलं!

राग आला, पण गंमतही वाटली. ‘सैराट’ चित्रपट 29 एप्रिल 2016 रोजी आला. त्याला इतकी वर्षं झाली. या काळात किती गाणी आली आणि गेली, पण ही गाणी अजून मांडवातून उतरायला तयार नाहीत. तेव्हापासून एक नाद लागला. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर, कामाला जिथे जाईन तिथे लोकांना विचारायचो, ‘सैराटची गाणी तुम्हाला कशी वाटतात?’ उत्तरं ऐकली आणि वाटलं, हे आपल्यापुढे मांडलंच पाहिजे.

तहसील कचेरीतल्या बापाची पोरं

आधी गाणी करणाऱ्यांविषयी थोडं. अजय आणि अतुल गोगावले हे सख्खे भाऊ. वडील महसूल खात्यात नोकरीला. बदलीची नोकरी म्हणजे काय हे तलाठी, ग्रामसेवक मंडळींना मी सांगायला नको. जुन्नर, शिरूर, राजगुरुनगर अशा पुणे जिल्ह्यातल्या गावांत या पोरांचं लहानपण गेलं. घरात गाण्याची परंपरा नव्हती. हवी ती वाद्यं विकत घेण्याची ऐपतही नव्हती. जत्रा, देऊळ, भजन, शाळेचा कार्यक्रम, जिथे जे कानावर पडलं ते त्यांनी उचललं.

पुढे ‘जोगवा’ चित्रपटाच्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 2010 साली ‘नटरंग’ आला आणि तमाशाचा ठेका शहरातल्या पोरांच्या तोंडी बसला. मग आला ‘सैराट’. त्यात गाणी चारच. पण त्यांच्यासाठी हे भाऊ थेट अमेरिकेत लॉस एंजेलिसला गेले. तिथल्या सोनीच्या स्टुडिओत व्हायोलिन, चेलो, पितळी वाद्यं वाजवणाऱ्या कसबी वादकांचा ताफा समोर बसवून वाजवून घेतलं. करमाळ्याच्या रानातली गोष्ट, आपल्याकडचा रांगडा ठेका आणि त्याच्या जोडीला साहेबाचा वाद्यवृंद. हा संकर आहे. संकर हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लोक काय म्हणतात?

भाजीचा टेम्पो घेऊन पहाटे उल्हासनगरला जाणारा एक तरुण म्हणाला, “साहेब, झिंगाट लागलं की झोप उडते. बाकीची तीन गाणी मला येत नाहीत, खरं सांगतो.”

बदलापूरजवळचे एक आगरी काका. वय सत्तरीचं, गावच्या भजनी मंडळात पखवाजाला बसतात. ते म्हणाले, “गानी चांगली हायेत. त्या ‘याड लागलं’च्या सुरवातीला ती सारंगीसारखी वाद्यां वाजतान ना, ती मना आवडतान. पन हलदीला ती कोन लावतो? आणि आमचा धवला कुठं ऱ्हायला?” नव्या वाचकांसाठी सांगतो. आगरी समाजाच्या लग्नात धवलारीण ही बाई धवले गाऊन लग्नाचे विधी पार पाडते. पूर्वी धवलारणीशिवाय लग्नाचं पान हलत नसे. आता ती गात असते आणि स्पीकरच्या भिंतीपुढे तिचे नुसते ओठ हलताना दिसतात.

उल्हासनगरला पंपाचा सुटा भाग घ्यायला एका दुकानात गेलो. मालक सिंधी गृहस्थ, पूर्वी कॅसेटी विकायचे. प्रल्हाद शिंदे यांच्या आणि पुढे त्यांचे मुलगे आनंद-मिलिंद शिंदे यांच्या कॅसेटी आपण किती विकल्या हे अभिमानाने सांगतात. भावाभावांच्या जोड्या या भागाला नव्या नाहीत. सैराटबद्दल विचारल्यावर ते म्हणाले, “भाऊ, शब्द मला निम्मे कळत नाय. पण गाणं मोठं हाय. फरक सांगू? कॅसेट होती तेव्हा माणूस एक बाजू संपली की पलटून दुसरी ऐकायचा. फास्ट गाण्यासाठी घेतलेल्या कॅसेटचं स्लो गाणं पण कानावर जायचं. आता बोट दाबलं की एकच गाणं, दहा वेळा तेच.”

मला हे पटलं. आपण ही गाणी वाजवतो फार, ऐकतो कमी.

हलगीवाल्याचं मत

पण सगळ्यांत जड मत मिळालं ते अंबरनाथमध्ये. तिकडे एमआयडीसीत ठेकेदाराकडे काम करणारे एक गृहस्थ आहेत. मूळचे सोलापूरकडचे, दुष्काळात इकडे आले. एका शेतकऱ्याच्या बांधावर ओळख झाली, सुट्टीच्या दिवशी भातलावणीच्या मजुरीला आले होते. बोलता बोलता कळलं की हे घराण्याने हलगीवादक. वडील, आजोबा, सगळे. घरी खुंटीला हलगी अजून आहे.

मी नेहमीचा प्रश्न विचारला. ते चिखलातच उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, ठेका आमचाच हाय. पर सुपारी आमची न्हाय.”

मग सविस्तर बोलले. हलगीचं कातडं जाळावर शेकून ताणून घ्यायचं. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. घुमकं जोडीला असलं की ठेका भरतो. त्यांनी बांधावरच्या पत्र्याच्या डब्यावर दोन्ही हातांनी वाजवून दाखवलं. लावणीच्या बाया हातातली रोपं तशीच धरून ऐकत राहिल्या. खोटं सांगत नाही, अंगावर काटा आला.

मी म्हटलं, “मामा, पोराला शिकवलंत की नाही?”

ते म्हणाले, “न्हाय शिकवली. मीच न्हाई म्हनलो. आमच्या बापानं रातभर वाजवायचं आन् जेवायला मांडवाच्या भायेर बसायचं. लोक नाचायचे आमच्या हातावर, पर हात लावून घ्यायचे न्हाईत. पोरगं म्हनलं, बाबा, ते वाद्य नको आपल्याला. काय चुकलं त्याचं?”

मंडळी, यावर मला उत्तर देता आलं नाही. आपल्याला द्यायचं असेल तर आपण द्या. हलगी ही बऱ्याच गावांत हौस नव्हती, जातीने लादलेलं काम होतं. ते ज्यांनी स्वाभिमानाने सोडलं त्यांना ‘कला बुडवली’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. कला बुडाली असेल तर ती पंगतीत जागा न देणाऱ्यांमुळे बुडाली.

आता बियाण्याची गोष्ट

कर्जतच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेला ‘सह्याद्री’ हा संकरित भात आपल्यापैकी काहींनी लावला असेल. संकरित वाण कसा होतो? दोन वेगळे जनक निवडायचे, त्यांचा संकर करायचा. पहिल्या पिढीचं पीक जोमदार येतं. पण त्याच पिकातला दाणा पुढच्या वर्षी बियाणं म्हणून पेरला तर पीक सारखं येत नाही, जोमही राहत नाही. म्हणून तर आम्ही दरवर्षी सांगतो, संकरित बियाणं नवं घ्या. आणि नवं बियाणं करायचं तर दोन्ही जनक कुणीतरी शुद्ध राखलेले असावे लागतात. ते राखणारा माणूस कुणाला दिसत नाही, पण तो नसेल तर दुकानात पिशवी येणार नाही.

सैराटच्या गाण्यांचं तसंच आहे. एक जनक परदेशी वाद्यवृंद. तो तिकडे नीट राखलेला आहे. त्याच्या शाळा आहेत, लिहिलेलं संगीत आहे, वाजवणाऱ्याला ठरलेलं मानधन आहे. दुसरा जनक म्हणजे आपली हलगी, संबळ, ढोलकी, धवले, ठाकरांची गाणी. तो कुठे राखला जातोय? खुंटीला टांगलाय. आपण डीजेवर वाजवतो तो तयार दाणा आहे. तो खाऊन पोट भरेल, त्यातून पुढलं पीक येणार नाही. जुन्नरच्या जत्रेत ज्या दोन पोरांनी ठेका कानात साठवला, तशी पोरं वांगणीत, नेवाळीत आजही असतील. पण त्यांच्या कानावर पडणार काय?

“डीजे स्वस्त पडतो, एकदा पैसे दिले की रात्रभर वाजतो,” असं एक सरपंच मला म्हणाले. हिशेब त्यांचा खोटा नाही. पण एक बघा. ज्या भावांना संगणकावर सगळा वाद्यवृंद वाजवून घेता आला असता, ते खर्च करून सातासमुद्रापार गेले ते कशासाठी? जिवंत माणसाच्या हाताने वाजलेलं हवं म्हणून. आणि आपण त्यांचंच गाणं लावतो आणि दाराशी राहणारा जिवंत हात रिकामा ठेवतो.

शेवट ऐकलात का?

एक मत राहिलं. मुळगावच्या बाजूला महिला बचत गटाची बैठक होती. तिथल्या एक ताई, शाळा दहावीपर्यंत, पण बोलणं धारदार. त्या म्हणाल्या, “गाणी छानच आहेत. पण साहेब, आमच्या गावात त्या गाण्यांवर नाचलेल्या माणसांनीच वर्षभरापूर्वी एका मुलीचं लग्न जातीवरून मोडलं. यांनी पिक्चरचा शेवट पाहिलाच नाही का?”

ज्यांनी चित्रपट पाहिला त्यांना आठवत असेल. पाटलाची मुलगी, खालच्या मानल्या जाणाऱ्या जातीतला मुलगा. पळून जातात, हैदराबादला कष्टाने संसार उभा करतात. मग माहेरची माणसं भेटीला येतात आणि दोघांना मारून जातात. मागे राहतं एक लहान पोर आणि रक्तात भिजलेली पावलं. तेव्हा पडद्यावर काहीच वाजत नाही. ज्या भावांनी एवढा मोठा वाद्यवृंद उभा केला, त्यांच्या चित्रपटाचा शेवट मुका आहे. चित्रपटगृहातून लोक न बोलता बाहेर पडायचे, ते मी स्वतः पाहिलं आहे.

हलगीवाल्या मामांचं मत आणि या ताईंचं मत एकमेकांपासून लांब नाही. ठेका हवा, वाजवणारा पंगतीत नको. प्रेमाचं गाणं हवं, प्रेम करणारी पोरं घरात नकोत. याला अर्धं ऐकणं म्हणायचं, दुसरं काय?

करायचं काय?

नुसता उपदेश करून थांबलो तर मी विस्ताराचं काम करणारा कसला? म्हणून चार गोष्टी सुचवतो.

पहिली. येत्या लग्नसराईत हळदीच्या संध्याकाळी एक तास स्पीकर बंद ठेवा. त्या तासात धवलारीण गाऊ द्या, हलगी-संबळ, बेंजो, जे गावात असेल ते वाजू द्या. सुपारी आधी ठरवून, रोख द्या. आणि वाजवणाऱ्यांना पहिल्या पंगतीत बसवा. हे सगळ्यांत महत्त्वाचं.

दुसरी, ग्रामसेवक आणि सरपंचांसाठी. गावात कोण काय वाजवतं, कोण गातं, याची साधी वही ग्रामपंचायतीत करा. वयस्कर कलाकारांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे. अटी आणि कागदपत्रं पंचायत समितीत विचारून घ्या. अर्ज भरायला कलाकाराला मदत लागते, ती आपण करा.

तिसरी, पोलीस पाटलांसाठी. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, शासनाने ठरवलेले सणासुदीचे मोजके दिवस सोडून. भांडण न करता, सुपारी ठरतानाच हे यजमानाला सांगितलं तर रात्री वाद होत नाही.

चौथी सगळ्यांसाठी. सैराटची चारही गाणी एकदा घरी बसून, आवाज कमी ठेवून ऐका. घरातल्या पोरीबाळींसोबत ऐका. मग त्यांच्याशी शेवटाबद्दल बोला.

त्या अंबरनाथच्या मामांना मी विचारलं आहे. माझ्या पुढच्या बीजप्रक्रियेच्या प्रात्यक्षिकाला ते हलगी घेऊन येणार आहेत. दवंडीला पूर्वी हलगीच वाजायची, तेव्हा लोक तरी जमतील. सुपारी किती ते त्यांनीच सांगितलं, मी घासाघीस केली नाही. प्रात्यक्षिक झालं की जेवण शेतकऱ्याच्या ओटीवर आहे. मामा माझ्या शेजारी बसणार आहेत. आपणही या. येताना एक बादली आणि किलोभर भाताचं बी आणायला विसरू नका.