अण्णांची हर्क्युलस : जुनी सायकल पुन्हा उभी करताना

जुनी सायकल दुरुस्त करणे आणि जुनी सायकल पुन्हा उभी करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत मोडलेला भाग बदलला की काम संपते. दुसरीत प्रत्येक भाग हातात घेऊन आधी एक प्रश्न विचारावा लागतो : हे झाले आहे ते नुकसान, की वापराची खूण? गंज हे नुकसान. पायडलचे झिजलेले रबर ही खूण. नुकसान काढायचे, खूण ठेवायची. ऐकायला सोपे आहे, पण या दोहोंमधली रेघ ओढताना अभियांत्रिकी लागते आणि मनही थोडे घट्ट करावे लागते. गेल्या वर्षभरात आमच्या ओहायोतल्या गॅरेजमध्ये एका सायकलीवर हे काम करताना जे समजले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू. आपल्यापैकी अनेकांच्या घरी, ठाण्याला, धुळ्याला, इचलकरंजीला, जिन्याखाली अशी एखादी सायकल अजून उभी असेल. त्यांना याचा उपयोग व्हावा.

ही सायकल माझ्या वडिलांची, अण्णांची. काळी, २२ इंची फ्रेमची हर्क्युलस, १९७२ साली घेतलेली. अण्णा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. सदाशिव पेठेतून कारखाना आणि परत, मिळून रोजचे १५ किलोमीटर. वर्षाचे २८० दिवस धरले तर ४,२०० किलोमीटर होतात, आणि १९९८ साली निवृत्त होईपर्यंतची २६ वर्षे धरली तर एक लाख नऊ हजारांवर. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे ज्या माणसाने कधी पासपोर्ट काढला नाही, त्याने पृथ्वीला अडीच प्रदक्षिणा घातल्या! याच सायकलीच्या नळीखालून त्रिकोणात उजवा पाय घालून, वाकडा होत, मी १९८८ साली सायकल शिकलो.

अण्णा जाऊन चार वर्षे झाली. गेल्या वर्षी वाडा पाडायला गेला, तेव्हा आईने फोनवर विचारले, “भंगारवाला उद्या येतोय. सायकलीचं काय करू रे?” मी म्हटले, “थांब, मी येतो.” सायकल पूर्ण सुटी केली, मातीचा कण राहणार नाही अशी धुतली (अमेरिकेत माती आणायला मनाई आहे, हे ध्यानात ठेवावे) आणि दोन खोक्यांत भरली. अशा सायकलीचे वजन २० किलोच्या आसपास असते. एका खोक्यात ती विमान कंपनीच्या मर्यादेत बसवणे कठीण.

कुठून आली ही सायकल?

हर्क्युलस मूळची इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची, १९१० सालची कंपनी. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मद्रासच्या मुरुगप्पा समूहाने इंग्लंडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सबरोबर टी. आय. सायकल्स ही कंपनी काढली, आणि मद्रासजवळच्या अंबत्तूरला हर्क्युलस बनू लागली. त्याच सुमारास आसनसोलला सेन-रॅले, १९५१ साली सोनीपतला ॲटलस आणि १९५६ साली लुधियानाला हीरो सुरू झाली. हीरोचे नाव १९८६ साली जगातली सर्वांत मोठी सायकल उत्पादक म्हणून गिनीज बुकात गेले. ॲटलसच्या साहिबाबादच्या कारखान्यातले काम मात्र ३ जून २०२० रोजी बंद झाले, आणि तो दिवस नेमका जागतिक सायकल दिन होता.

या सगळ्यांचा नमुना एकच : इंग्लिश ‘रोडस्टर’. चाके २८ इंची, सळ्यांचे ब्रेक, पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४०. मागे जास्त, कारण बहुतेक वजन मागच्या चाकावर येते. पुढे ४८ दाते, मागे १८. पायडलच्या एका फेऱ्यात चाक २.६७ वेळा फिरते आणि सायकल सुमारे सहा मीटर जाते. अण्णांच्या एक लाख किलोमीटरांना उतार वजा जाता दीड कोटी फेरे तरी पडले असणार.

खोलताना

पूर्वी आपण सायकल ‘ओव्हरऑइल’ करायला टाकत असू. मूळ शब्द ‘ओव्हरहॉल’. पण दुकानात शेवटी तेलच घातले जाई, त्यामुळे मराठीने केलेला बदल मला जास्त रास्त वाटतो. खोलण्याआधी प्रत्येक सांध्याचा फोटो काढावा आणि प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या डबीत ठेवावेत.

पहिला अडथळा क्रँकच्या कॉटर पिनचा. ही पाचरीसारखी पिन पन्नास वर्षांत गंजून घट्ट बसते. हातोडा मारण्याचा मोह टाळावा, कारण तो घाव पिनेतून आतल्या छर्ऱ्यांना आणि कपाला बसतो. झिरपणारे तेल दोन दिवस मुरू द्यावे आणि पिन दाबयंत्राने, शेगड्यासारख्या पकडीने, ढकलून काढावी. छर्रे जुने कितीही चांगले दिसले तरी सगळे नवे घालावेत. एखादा छर्रा केसभर मोठा असला तर सगळा भार त्याच्यावर येतो.

दुसरी अडचण डाव्या पायडलची. ते उलट्या आट्यांचे असते, त्यामुळे सवयीप्रमाणे फिरवले तर अधिकच आवळते. असे का? एक पेन्सिल मुठीत सैल धरा आणि तिचे टोक हवेत गोल फिरवा. मुठीच्या आत पेन्सिल स्वतःभोवती उलट दिशेने सरकत जाते. पायडलचा दांडाही क्रँकच्या भोकात, पायाचा भार फिरत राहिल्यामुळे, असाच किंचित सरकतो. उजवीकडे हे सरकणे सरळ आट्यांना आवळते, डावीकडे तेच त्यांना सोडवील. म्हणून डावीकडे आटे उलटे. आमच्या ओहायोला याचा अभिमान आहे. डेटनला सायकलचे दुकान चालवणाऱ्या राइट बंधूंनी १९०० साली, विमान उडवण्याच्या तीन वर्षे आधी, आपोआप न सुटणाऱ्या अशा पायडलांची जाहिरात केली होती. त्यांचे एक दुकान डेटनमध्ये राष्ट्रीय उद्यान विभागाने जपले आहे. मंडळींनी मुलांना घेऊन जरूर बघावे.

गंज आणि चाक

लोखंडाचा गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणून क्रोमला एक बारीक छिद्र पडले तरी आत वाढणारा गंज वरचा थर उचलतो. रिमवर गंज वरवरचा असेल तर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची चकचकीत कागदी पट्टी पाण्यात बुडवून घासावी. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत. खोल गंजाला ऑक्झॅलिक आम्लाचे सौम्य द्रावण चालते. ते विषारी आहे. हातमोजे घालावेत, मुलांना दूर ठेवावे आणि नंतर भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडे करावे.

मग चाकाचा आऊट काढणे. चाकाच्या तारा काठ्यांसारखा भार पेलत नाहीत, त्या आधीच ताणलेल्या असतात. आपण सायकलवर बसलो की जमिनीकडच्या चार-पाच तारांचा ताण कमी होतो, बाकीच्यांचा जवळपास तसाच राहतो. जोबस्ट ब्रँट या अभियंत्याने १९८१ सालच्या ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात हे गणिताने मांडले आहे. ताण सारखा आहे का, हे बोटाने तार छेडून कानाने कळते. तानपुरा लावणाऱ्याला हे काम पटकन जमेल! ढिल्या तारेचा स्वर उतरलेला असतो. मात्र मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंची तुलना वेगवेगळी करावी.

टायर घेताना इथे फसगत होण्याचा संभव आहे. अमेरिकेतल्या जुन्या २७ इंची चाकाच्या टायरच्या बैठकीचा व्यास ६३० मिलिमीटर, आपल्या २८ इंचीचा ६३५. पाच मिलिमीटरचा फरक, पण टायर चढत नाही. भारतात हे टायर आजही मिळतात. माझे टायर पुण्याहून चकलीच्या डब्याभोवती गुंडाळून आले.

रंग द्यावा का?

इथवर सगळे तंत्र होते. खरा प्रश्न रंगाचा. गावातल्या एका दुकानदाराने मोठ्या आस्थेने सांगितले, की फ्रेम आणि चेनकव्हर वाळूच्या माऱ्याने साफ करून त्यावर पावडरचा रंग भाजून देतो, सायकल नव्यासारखी दिसेल. पहिल्यांदा मलाही ते पसंत पडले. मग मी फ्रेम टेबलावर घेऊन दिव्याखाली नीट पाहिली.

डाव्या पायडलचे रबर उजव्यापेक्षा कितीतरी जास्त झिजलेले. अण्णा नेहमी टांग मारून बसत : डावा पाय पायडलवर, उजव्याने दोन-तीन ढकलण्या, मग टांग. चढताना आणि उतरताना सगळे वजन त्या एका पायडलवर. आडव्या दांडीवर माझी आणि ताईची छोटी सीट जिथे आवळलेली असे तिथे दोन खाचा. कॅरिअर एका बाजूला झुकलेले. रॉकेलचा डबा आणि रेशनचे गहू त्यावरूनच येत. चेनकव्हरवर पेंटरकडून पिवळ्या अक्षरांत लिहून घेतलेले नाव, निम्मे पुसलेले. पुढच्या नळीवर नगरपालिकेच्या बिल्ल्याची जागा. सायकलला कर होता तेव्हाची.

आणि क्रँकच्या वर, जिथे नळी येऊन मिळते तिथे, पितळेची एक पिवळी रेघ. फ्रेम तिथे कधीतरी तडकली होती आणि कोणीतरी गॅसने पितळ ओतून सांधली होती. या फ्रेमी मुळातच सांध्यांत पितळ वितळवून जोडलेल्या असतात, त्यामुळे रस्त्याकडेचा कारागीरही त्या पुन्हा सांधू शकतो. मी आईला फोनवर विचारले. ती म्हणाली, “ते तू इंजिनिअरिंगला गेलास त्या वर्षी. मी म्हटलं, आता नवी घ्या. तर हे म्हणाले, आधी त्याची फी भरू. पुढच्या वर्षी निवृत्तच व्हायचंय, तेवढी चालेल.”

मला हे माहीत नव्हते. माझ्या आठवणीतली सायकल काळी कुळकुळीत, वाऱ्यासारखी पळणारी. आठवण ही स्वतःच एक रंगारी आहे. दर काही वर्षांनी ती एक हात मारून जाते. पावसात अण्णा सायकल हातात धरून चालत येत, ते मला त्यांचा सावधपणा म्हणून आठवते. इथे ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबून पाहिल्यावर कळले, की क्रोमच्या ओल्या रिमवर रबर धरतच नाही. तो नाइलाज होता. ज्याला आपण ‘साधे जुने दिवस’ म्हणतो, त्यांतला बराच साधेपणा कोणीतरी पायांनी आणि पाठीने भरून काढलेला असतो. गोड आठवण खोटी नसते, पण तिच्यात हिशोबाची एक बाजू वगळलेली असते. ती बाजू यंत्रावर लिहिलेली सापडते, आपण त्यावर रंग फासला नाही तर.

म्हणून माझा निर्णय असा झाला. जिवाशी संबंध असलेले सगळे नवे : ब्रेकचे रबर, टायर-ट्यूब, चेन, छर्रे, कॉटर पिन. इथे भावनेला जागा नाही. पितळी सांधा मात्र दोनदा तपासला. भिंगाने आणि तडे दाखवणाऱ्या लाल रंगद्रव्याने. तो पक्का आहे. कारागिराचे नाव कोणालाच ठाऊक नाही, पण काम उत्तम. गंज उतरला तिथे पारदर्शक लेप, बाकी जुन्या रंगावर मेण. नाव, खाचा, डावे पायडल आणि पितळेची रेघ, सगळे तसेच.

आमची कन्या अकरा वर्षांची. तिने विचारले, “आजोबांना गिअर नव्हते?” मी सहा मीटरचे गणित सांगितले. तिचे पाय पुरत नाहीत, म्हणून त्रिकोणातून पाय घालण्याची युक्ती दाखवली. शेजारी अंगणात थांबून बघत राहिले. तिसऱ्या दिवशी तिला जमली. परवा तीच एका मैत्रिणीला ती पिवळी रेघ दाखवून इंग्रजीत समजावत होती, की ही तिच्या बाबाची फी आहे.

आता वाचकांना थोडे व्यावहारिक. सायकल इथे आणलीच पाहिजे असे नाही. पुढच्या भेटीत चेनला आणि ब्रेकच्या सळ्यांना तेल घालावे, हवा भरावी, आणि ओल्या भिंतीपासून ती दूर उभी करावी; एवढ्याने दहा वर्षे निघतात. पुण्यात असाल तर कर्वेनगरचे विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय पाहावे. आपल्याकडे आहे ते काय आहे, हे तिथे उमगते. आणि रंग देण्याआधी घरातल्या मोठ्या माणसांना प्रत्येक ओरखड्याबद्दल एकदा विचारावे. सायकलीचे सुटे भाग बाजारात अजून मिळतात; ही माहिती मात्र फक्त त्यांच्याकडे आहे.